हुप्प्या शांत झाला

अकोल्याला माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा आईनं विचारलं, "नक्की काय करणार तू तिथे?" मी म्हटलं, "रानातले प्राणी कशानं मरतात ते बघणार." आई म्हणाली, "आणि माणसं कशानं मरतात ते कोण बघणार?" मग मी तिला बसवून समजावलं की हे माणसांसाठीच असतं. वटवाघळाचा, वानराचा, कोल्ह्याचा एखादा रोग उद्या माणसात येऊ शकतो, तर तो रानात असतानाच त्याचा माग काढायचा. आईला ते पटलं नाही. पशुवैद्य झालेली मुलगी घराजवळ कुत्र्यामांजरांचा दवाखाना टाकेल आणि संध्याकाळी जेवायला घरी येईल, असं तिनं धरलं होतं.

आमची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. एकीत फ्रीज आणि सूक्ष्मदर्शक, दुसरीत टेबल, फोन, नोंदवही आणि एक कूलर. तो वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करायचा. सातपुड्याच्या पायथ्याची गावं आमच्याकडे होती, अकोट, हिवरखेडपासून पुढे रानाच्या कडेपर्यंत. नमुने बर्फाच्या डब्यात घालून अमरावतीला पाठवायचे. डबा एसटीत ठेवताना कंडक्टर दर वेळी विचारायचा, "मासोळी हाये काय?" मी दर वेळी चिडायचे. आता त्या प्रश्नाचीसुद्धा आठवण येते, म्हणजे बघा.

माझ्याबरोबर एक परिचर होते. जन्म अकोटचा, घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी आणि साहेबांसमोर अगदी पुस्तकी मराठी. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. चाचांना मेलेल्या प्राण्याची शिसारी नव्हती आणि जिवंत माणसाची भीती नव्हती. मला दोन्ही थोडं थोडं होतं. गोचीड गोळा करायला आम्ही फलालीनचं पांढरं कापड गवतावरून ओढत न्यायचो, एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. कापडाला चिकटलेले गोचीड चिमट्यानं उचलून कुपीत टाकायचे. बांधावरून जाणाऱ्या बाया थांबून विचारायच्या, "बाई, धुनं वावरात वाळवून राहिल्या काय?" चाचा म्हणायचे, "हो ना व माय, शहरात ऊन नाही पडत यायच्या." दुपारी कुठल्यातरी लिंबाखाली त्यांचा डबा उघडायचा. चाचींच्या हातच्या ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. तो ठेचा पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी रडले होते, आणि चाचांनी गंभीरपणे विचारलं होतं, "घरची याद आली काय?"

पण रोज रानात जाणं व्हायचं नाही. जीप एकच, आणि तिच्यावर हक्क सांगणारे बरेच. म्हणून उरलेलं काम फोनवर. प्रत्येक गावात एक माणूस ठरलेला होता. त्याला आठवड्याला फोन करायचा, काही मेलं का, कुणी पिसाळलं का, ते विचारायचं आणि नोंदवहीत लिहायचं. थोडक्यात, मी उंटावरून शेळ्या हाकत होते आणि शेळ्या नीट चालल्यात असं मला वाटत होतं.

हिवरखेडच्या पुढचं एक गाव होतं. तिथला आमचा माणूस म्हणजे किराणा दुकानदार. हनुमान जयंती तोंडावर आली असताना एका सोमवारी त्याचाच फोन आला. संत्र्याच्या बागांमध्ये वानरांची एक टोळी असायची, तिचा जो मोठा नर, हुप्प्या, तो चवताळला होता. माणसांवर धावत होता, कुत्र्यांशी भिडत होता, एकदोघांना त्यानं ओरबाडलं होतं. मी म्हटलं, "जखमा साबणानं भरपूर धुवा आणि त्यांना लगेच दवाखान्यात पाठवा, मी येतेच." "हो जी," तो म्हणाला. माझी जीप मंगळवारी दुसरीकडे गेली. बुधवारी सकाळी मी फोन लावला.

"काय म्हणतोय तुमचा हुप्प्या?"

"शांत झाला जी."

"कधी?"

"काल दुपारी."

"आता कुणाला त्रास नाही ना?"

"आता कायचा तरास म्याडम."

"छान! फार छान झालं," मी म्हटलं.

तो नुसतं "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. मी नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'प्राणी शांत झाला. पाठपुरावा नको.' खाली सही केली. सहीखाली रेघ मारायची मला तेव्हा सवय होती.

गुरुवारी सकाळी चाचांनी टेबल पुसता पुसता वही वाचली. त्यांचा हात थांबला.

"म्याडम, हे काय लिवलं तुमी?"

"का? शुद्धलेखन चुकलं का?"

"शांत झाला म्हंजे?"

"म्हणजे शांत झाला. आता धावत नाही कुणाच्या अंगावर."

"कसा धावंन! मेला ना तो! आमच्याकडे शांत झाला म्हंजे मेला म्याडम. मानूस मेला असं नाही म्हनत कोनी, शांत झाला म्हनते."

कुत्र्यांशी भिडणारं, माणसांना ओरबाडणारं वानर दोन दिवसांत मेलं होतं. ही लक्षणं कशाची असू शकतात ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. पिसाळलेलं कुत्रं त्याला आधी चावलं असेल, तर त्यानं ज्यांना ओरबाडलं त्यांच्या जिवाशी खेळ होता. एकदा लक्षणं दिसू लागली की रेबीजला औषध नाही, जे करायचं ते आधीच. आणि ही बातमी कळल्यावर मी फोनवर काय म्हटलं होतं? छान. फार छान झालं. ध चा मा झाल्याच्या गोष्टी आम्ही पुण्याची माणसं लहानपणापासून ऐकतो, पण ती चूक आपण स्वतः करू असं कुणी सांगत नाही.

त्या दिवशी जीप मी मागितली नाही, घेतली. अकोट मागे टाकलं, हिवरखेड आलं, दोन्ही बाजूंना कपाशी उपटून मोकळी झालेली काळी वावरं. चाचा वाटेत एवढंच म्हणाले, "तुमी तिथं जास्ती बोलू नका." मला राग आला. मी डॉक्टर होते.

गावाच्या पारापाशी उतरलो तर समोर पाचसहा माणसं ओळीनं बसलेली, सगळ्यांची डोकी नुकतीच भादरलेली, आणि न्हावी सातव्याच्या मागे उभा. हुप्प्यासाठी गावानं केस दिले होते. मारोतीच्या देवळामागे नवी माती होती, वर शेंदूर आणि झेंडूची फुलं. त्याला आंघोळ घालून, तिरडीवरून वाजतगाजत मिरवून, मीठ टाकून पुरलं होतं. तेरवीला गावजेवण ठरलं होतं. माझ्याकडे बघून कुणी "या" म्हणालं नाही. दुकानदार पुढे आला, तोही भादरलेला.

"तुमी छान म्हनल्या म्याडम," तो म्हणाला. "मारोती शांत झाला म्हनून सांगतलं मी तुमाले, अन् तुमी छान म्हनल्या."

सगळ्या गावाला त्यानं ते सांगितलं होतं. मी खुलासा करू लागले, तर तो खुलासा त्यांना आणखीच चमत्कारिक वाटला. एवढी शिकलेली बाई, हिला शांत झाला कळत नाही?

शेवटी चाचांनी वही माझ्या हातातून काढून घेतली. "मारोतीच्या शेवटच्या सेवेत कोन कोन होतं, त्यायची नावं लिवून घ्याची हायेत," असं त्यांनी मोठ्यानं सांगितलं. मग काय विचारता! बघता बघता दोन पानं भरली. मी खांदा दिला, मी पाणी आणलं, मी फुलं वाहिली. एक जण तर त्या दिवशी धामणगावला लग्नाला गेला होता असं त्याच्या शेजाऱ्यानंच सांगितलं, तरी त्याचं नाव लिहावं लागलं. मग चाचांनी तोच प्रश्न फिरवून विचारला. कुणाला त्याचा दात लागला, नख लागलं, लाळ लागली? आता सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ज्यांना त्यानं ओरबाडलं होतं ते सोमवारीच दवाखान्यात जाऊन सुई घेऊन आले होते, त्यांच्याशिवाय खरी माणसं दोनच निघाली. एक दुकानदार, त्यानं मरणाऱ्या हुप्प्याच्या तोंडात गंगाजळ घातलं होतं आणि त्याच्या बोटाला संत्र्याच्या काट्याची ओली जखम होती. दुसरी देवळातली मावशी.

मावशी म्हणजे देऊळ झाडणारी बाई, साठीच्या पुढची, एकटी. रोज सकाळी ती ओट्यावर बसायची आणि हुप्प्या तिच्या तळहातावरचे फुटाणे खायचा, वर्षानुवर्षं. त्याच तळहाताला त्यानं कडाडून चावलं होतं. दोन दात खोल गेले होते. तिनं हळद भरून वर लुगड्याची चिंधी बांधली होती. दवाखान्यात ती गेली नव्हती.

"देवाचा दात हाये तो," ती मला म्हणाली. "त्याले इख नसते."

मी खाली बसले आणि सुरू झाले. काय काय बोलले ते आठवून आजही कान गरम होतात. रेबीज म्हणजे काय, माणूस पाण्याला कसा घाबरतो, कसा तडफडतो, सगळं पुणेरी स्पष्टपणे आणि चढ्या आवाजात सांगितलं. मी घाबरले होते, हे खरं कारण. हिचा जीव माझ्या एका शेऱ्यामुळे जाणार, हे डोक्यात घण मारत होतं. तिनं सगळं शांतपणे (पुण्याच्या अर्थानं) ऐकून घेतलं आणि तांब्या पुढे केला. "पानी पे माय. तोंड सुकलं तुयं."

मग म्हणाली, "सुई घ्याले मी नाही नाही म्हनत. पन आता सुतक हाये. तेरवीलोक मी गावाची शीव नाही वलांडत. तेरवी झाली का येतो."

वऱ्हाडातल्या बायका 'येते' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. एरवी मला त्याचं हसू यायचं. त्या दिवशी नाही आलं. ती कुणाची कोण लागत नव्हती, आणि त्या वानराचं सुतक तिनं घरच्या माणसासारखं धरलं होतं. तेरवी व्हायला अकरा दिवस होते. आधीच तीन दिवस वाया गेले होते. माझे डोळे भरून आले, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी जीपमधला नमुन्यांचा डबा उगीचच उघडबंद करत बसले.

चाचा पायरीशी आले. चपला काढल्या, खालच्या पायरीवर बसले.

"मावशी, मले एक सांगा. तुमचा मारोती चिरंजीव हाये ना?"

"हाये तर! सात चिरंजीवांतला."

"म्हंजे तो मरत नाही."

"कसा मरंन?"

"मंग तुमी सुतक कोनाचं धरून राहिल्या?"

चाचा हळूच म्हणाले, "हा मारोती असंन, तर तो मेलाच नाही, सुतक नाही. अन् हे वानर असंन, तर ते बिमार होतं अन् वानराचं सुतक मानसाले लागत नाही. कोनतंही धरा मावशी, गाडीत बसाच लागते."

पारावरच्या भादरलेल्या माणसांपैकी दोघांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला. न्हाव्यानं वस्तरा पुसायला घेतला. सातवा माणूस उठून उभाच राहिला, त्याचे केस वाचले. आणि मावशी हसली. पदर तोंडाला लावून, सगळं अंग हलवत हसली. "कीर्तनकार व्हाले पायजे होता बाप्पा तू," ती चाचांना म्हणाली, "इथं वांदराच्या मांगं काहून फिरून राहिला?"

ती उठली. जीपपाशी येऊन माझ्या हातातल्या डब्याकडे बघून थांबली. डब्यात काय आहे आणि तो कशासाठी आणला, हे तिनं ओळखलं होतं.

"मी येतो," ती म्हणाली. "पन त्याले उकरू नका."

आता खरं सांगायचं तर मी त्याच्यासाठीच आले होते. माणसांना वाचवायला आणि नमुना न्यायला, आणि सरकारी कागदावर दुसरं काम पहिलं होतं. मेंदूचा तुकडा मिळाला तरच कळणार होतं की खरंच रेबीज होता का. त्याच्याशिवाय सगळा अंदाज. मी चाचांकडे पाहिलं. एरवी प्रत्येक गोष्टीत बोलणारे चाचा टायरकडे बघत होते. म्हणजे हे मला एकटीला ठरवायचं होतं. मावशीचा हात माझ्यासमोर होता, चिंधीतून हळद पाझरत होती.

"नाही उकरत," मी म्हटलं, आणि डबा सीटखाली सारला.

गाडीत पुढे दुकानदार, मागे माझ्याशेजारी मावशी. अकोट आल्यावर तिनं विचारलं, "पोटात चौदा सुया देतात ना?"

"नाही हो, ते जुनं झालं. आता दंडात. पाचच."

"पाचच?" ती जरा हिरमुसलीच. एवढं सुतक मोडून आल्यावर तिला निदान चौदा तरी हव्या होत्या.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात लसीबरोबर जखमेच्या भोवती द्यायचं दुसरं, झोंबणारं इंजेक्शन देताना ती हूं की चूं करत नव्हती. मीच तिचा दुसरा हात घट्ट धरला होता. पुढच्या प्रत्येक तारखेला चाचा आपल्या मोटरसायकलवरून तिला हिवरखेडच्या दवाखान्यात घेऊन गेले. कुणी सांगितलं नव्हतं. तेरवीलाही ती होतीच. सुतक नसलं तरी जेवण सोडायचं थोडंच?

वरच्या साहेबांनी मला झापलं. वानर मेलं, माणसांना चावलं, आणि नमुना नाही? मी "पुरलेलं होतं" एवढंच सांगितलं. ते खरंही होतं. नोंदवहीतला 'मृत्यूचं कारण' हा रकाना कोराच राहिला. त्याला रेबीज होता, की बागेतलं औषध पोटात गेलं होतं, की आणखी काही, मला आजही माहीत नाही. आमच्या कामात यश म्हणजे काहीही न घडणं, आणि न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणणार?

म्हणून मी फोन करत राहिले. या रोगाचा भरवसा नसतो, महिन्यांनीसुद्धा उलटू शकतो. दर बुधवारी दुकानात फोन लावायचा. दुकानदाराला बोट कसं आहे ते विचारायचं, मग तो पोऱ्याला हाक मारावी तशी मावशीला हाक मारायचा. ती यायची आणि मी काही विचारायच्या आत ओरडायची, "जित्ती हाव म्याडम, जित्ती हाव!" वर्ष सरलं, धोका सरला, फोन नाही सरला. माझी बदली पुण्याला झाली तरी दर हनुमान जयंतीला मी तो लावायचे. पलीकडून तेच वाक्य यायचं. ते ऐकलं की मला फलालीनचं कापड, लिंबाखालचा डबा आणि कूलरचा आवाज, सगळं एकदम आठवायचं. या शहरात माझं सगळं आहे, घर, माणसं, मोठ्या प्रयोगशाळेतली खुर्ची. पण नोंदवही वाचून माझ्यावर ओरडेल असं कुणी नाही. मी फार एकटी पडले आहे त्या बाबतीत.

मागच्या महिन्यात चाचांचा फोन आला. ते निवृत्त होऊन अकोटलाच असतात.

"म्याडम, मावशी शांत झाली."

या वेळी मी छान म्हटलं नाही. या वेळी मला पहिल्या झटक्यात कळलं, आणि कळलं याचंच वाईट वाटलं.

"कशानं?" मी विचारलं. आवाज गेला होता, तरी सवय गेली नव्हती.

"कायनं नाही. वय झालं होतं. सकाळी चहा पेली, ओट्यावर बसली, तशीच."

तेवढ्या वर्षांनंतर, ओट्यावर, चहा पिऊन. मी रडायला लागले. चाचा घसा खाकरून म्हणाले, "तुमच्यासाठी निरोप हाये तिचा. मरायच्या आधी मले दोनदा बोलली. म्हने, त्या म्याडमले हुप्प्याचा लई घोर लागला होता. म्यानं उकरू नाही देल्ला. आता मी नसलो म्हंजे तिले म्हना, ये अन् उकरून पाहे एकदाचं."

मी रडता रडता हसले. इतक्या वर्षांनी त्या मातीत हाडांशिवाय काय असणार, हे तिला कोण सांगणार? तिनं आपल्या परीनं माझा कोरा रकाना भरायला दिला होता.

"मंग?" चाचा म्हणाले. "येता काय उकराले? मोटरसायकल हाये अजून."

"येते," मी म्हटलं. "तिच्या तेरवीला येते. पण त्याला नको हात लावायला, चाचा. शांत झालाय तो."